काडी कुणाची? तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागेचं प्रकरण

भाद्रपदाचा शेवटचा आठवडा, म्हणजे आमच्या भागात खुंटावर (मुळाच्या झाडावर) काड्या भरायचे, कलमं करायचे दिवस. या दिवसांत द्राक्ष बागायतदार बाग सोडून वकिलाच्या दारात येत नाही. आण्णा आले तेव्हाच काहीतरी अडलंय हे कळलं. सोबत थोरला मुलगा होता. आण्णांनी पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला करारनामा, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या चार काड्या.

"ताई, सही करायची का न्हाय, एवढंच सांगा."

करारनामा एका रोपवाटिकेनं पाठवला होता. आण्णांच्या बागेत सापडलेल्या द्राक्षवाणाचे 'संपूर्ण व कायमचे हक्क' एकरकमी पैशात रोपवाटिकेला द्यायचे. यापुढे आण्णांनी कुणालाही काडी द्यायची नाही. वाणाला नाव रोपवाटिका देणार, नोंदणीही तीच करणार. इथपर्यंत असे कागद मी आधी पाहिले होते. शेवटच्या कलमापाशी मात्र थांबले. आजवर ज्यांना ज्यांना काडी दिली, त्यांची नावं, गावं आणि लागवडीचं क्षेत्र आण्णांनी यादी करून द्यायचं होतं.

आण्णांना हे कलम साधं वाटलं होतं. उद्या कुणावर दावा लावायचा झाला, तर प्रतिवादींची नावं त्या यादीतून काढली जाणार होती, आणि ती यादी आण्णांच्या हातची असणार होती.

हे प्रकरण लिहायला दोघा बापलेकांची संमती आहे. नाव, गाव आणि रोपवाटिकेची ओळख मी देत नाही. माझं माहेरही याच द्राक्षपट्ट्यातलं, त्यामुळे मी तटस्थ आहे असा दावा करणार नाही.

उजवा ओलांडा

२००९ च्या हंगामात, माल उतरायला आठ-दहा दिवस राहिले असताना, तास-ए-गणेश या द्राक्षजातीच्या प्लॉटात बांधाकडच्या चौथ्या ओळीत आण्णांना एक ओलांडा, म्हणजे खोडावरून मांडवावर आडवी नेलेली फांदी, वेगळा दिसला. वेल एकच, खोड एकच. डाव्या ओलांड्यावर नेहमीसारखा माल, आणि उजव्यावरच्या घडांचे मणी पेरभर लांब, देठाकडे किंचित निमुळते. दोन्हीकडे बुडवणी (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) सारखीच झालेली. त्यांनी घरातल्या जुन्या लुगड्याची लाल किनार फाडून त्या ओलांड्याला बांधली, म्हणजे एप्रिलच्या खरड छाटणीला आलेला गडी चुकून तो उडवणार नाही. पुढच्या वर्षी माल तसाच आला. मग त्या काड्या डॉगरिज जातीच्या खुंटावर भरल्या. आधी दहा झाडं, मग एक ओळ, मग अर्धा एकर. ज्या झाडावर मणी पुन्हा आखूड दिसला, ते झाड काढून टाकलं.

काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, असा बदल आपोआप होतो, शास्त्रात त्याला उत्परिवर्तन म्हणतात. "निसर्गानं केलं, यात शेतकऱ्याचं काय?" हा प्रश्न मला एका शिकलेल्या माणसानंच विचारला होता. लाल किनार बांधणं, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन बघणं, नापास झाडं स्वतःच्या हातानं उपटणं आणि तोवर त्या ओळीचं उत्पन्न पणाला लावणं, हे सगळं शेतकऱ्यानंच केलं. आपल्या द्राक्षांचा इतिहास असाच घडला आहे. जगभर थॉम्पसन सीडलेस म्हणून ओळखली जाणारी जात मुळात पश्चिम आशियातली जुनी बिनबियांची द्राक्षं. १९ व्या शतकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉम्पसन यांनी ती वाढवली आणि नाव त्यांचं लागलं. ज्यांनी शेकडो वर्षं ती जपली, त्यांचं नाव कुणालाच माहीत नाही. त्याच थॉम्पसनमधून तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश निवडली. तिकडे सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका. महाराष्ट्रातला द्राक्षाचा धंदा ज्या वाणांवर उभा राहिला, त्यांतले कितीतरी बागायतदारांनी आपल्याच मांडवाखाली वर बघत फिरताना हेरलेले आहेत.

आणि ते पसरले काडीनं. पाहुण्यानं पाहुण्याला दिलेल्या, मोटारसायकलीला बांधून नेलेल्या काडीनं. आण्णांनीही दिली. दूध डेअरीच्या वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी ते लिहूनही ठेवलं होतं: 'सावळजचं पावणं – ४०', 'मळ्यातला बाळू – १५०', 'जत – ६०'. काडीपुढे रक्कम कुठंच नाही. एका नोंदीपुढे फक्त 'शेणखत १ ट्रॉली' असं आहे.

२०१२-१३ चा दुष्काळ आमच्या पूर्व भागानं कसा काढला, हे सांगलीकरांना सांगायला नको. टँकरनं बागा जगवल्या, ज्यांना टँकर परवडला नाही त्यांच्या वाळल्या. आण्णांची विहीर आटली आणि हा प्लॉट गेला. लाल किनारीचा मूळ वेल गेला, भरलेली झाडंही गेली. २०१४ मध्ये आण्णांनी तीच जात पुन्हा लावली, ती मळ्यातल्या शेजाऱ्याकडून परत आणलेल्या काडीवर. त्याच्या शेततळ्यात पाणी टिकलं होतं. म्हणजे वाटून टाकली नसती, तर ही जात आज जगातच नसती. पिकांच्या जनुकीय संपत्तीचं जतन म्हणजे दिल्लीतली शीतगृहं आणि संशोधन केंद्रांचे प्रक्षेत्र असं आपल्याला वाटतं. या प्रकरणात ते जतन एका शेजाऱ्याच्या शेततळ्यानं केलं.

कलम ३९

आमच्याकडे कलम म्हणजे खुंटावर भरलेली काडी. त्यामुळे कायद्याचं कलम समजावताना मला दर वेळी थांबून 'कागदावरचं' असं म्हणावं लागलं. पण आण्णांनी फार पटकन पकडलं.

कायदा आहे वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराची अट अशी की वनस्पतींच्या वाणांना पेटंटनं तरी संरक्षण द्या, किंवा स्वतःची परिणामकारक व्यवस्था तरी उभारा. भारतानं दुसरा रस्ता धरला. आपल्या पेटंट कायद्यात वनस्पती, बियाणं आणि वाण यांना पेटंट मिळत नाही. युपोव्ह या वाण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघातही भारत गेला नाही. त्या संघाच्या १९९१ च्या करारात शेतकऱ्यानं घरचं बियाणं ठेवणं ही देशानं मर्यादेत द्यायची सवलत आहे. आपल्याकडे तो हक्क आहे, आणि कायद्याच्या नावातच वाणाच्या संरक्षणाशेजारी शेतकऱ्याचा हक्क बसला आहे.

कलम ३९ म्हणतं की शेतकरी संरक्षित वाणाचं बियाणंसुद्धा राखून ठेवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, वाटू शकतो, विकू शकतो, जसा तो हा कायदा येण्याआधी करत होता तसा. बंदी एकाच गोष्टीला आहे: संरक्षित वाणाचं 'ब्रँडेड' बियाणं विकायला. म्हणजे पिशवीत किंवा दुसऱ्या कशात भरून, त्या वाणाचं लेबल लावून.

मुलानं इथं बरोबर शंका काढली. "ताई, ही ज्वारी-भाताची भाषा झाली. द्राक्षाला कुठलं बियाणं?" उत्तर व्याख्येत आहे. ज्यापासून त्याच जातीचं झाड उभं राहतं, असा रोपणाचा कुठलाही भाग या कायद्यात 'बियाणं' आहे. काडी त्यात बसते. म्हणजे उद्या रोपवाटिकेच्या नावावर वाण नोंदला गेला, तरी मळ्यातल्या बाळूनं सावळजच्या पाहुण्याला काडी देणं गुन्हा होत नाही. करारनाम्यातली यादी कायद्यापुढे टिकणारी नव्हती. पण कोर्टाची नोटीस हातात पडल्यावर कायदा काय म्हणतो हे कळेपर्यंत माणूस अर्धा खचलेला असतो, आणि अशा यादीचा खरा उपयोग तिथंच होतो.

याचा पुरावा गुजरातेत आहे. एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिकोनं आपल्या चिप्ससाठीच्या नोंदणीकृत एफएल २०२७ या बटाटा वाणाबद्दल साबरकांठा जिल्ह्यातल्या चार शेतकऱ्यांवर अहमदाबादच्या कोर्टात दावे लावले. प्रत्येकाकडून मागितलेली भरपाई एक कोटी रुपयांच्या वर होती. देशभर संताप झाला आणि मे महिन्यात कंपनीनं दावे मागे घेतले. पुढे शेतकरी हक्कांसाठी काम करणाऱ्या कविता कुरुगंटी यांच्या अर्जावरून, या कायद्याखाली वाणांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणानं डिसेंबर २०२१ मध्ये त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी तो निर्णय कायम ठेवला, आणि जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठानं तो फिरवून कंपनीचा नोंदणीचा मार्ग पुन्हा मोकळा केला. अनेकांनी याचा अर्थ 'शेतकरी हरले' असा लावला. तो चुकीचा आहे. ते भांडण नोंदणीच्या अर्जातल्या त्रुटींचं होतं. शेतकऱ्याचा कलम ३९ चा हक्क होता तिथंच आहे. पण दोन-चार एकरांच्या बटाटेवाल्याला कोटीचा आकडा वाचून झोप लागली नसेल, याची भरपाई कुठल्याच निकालात नाही.

नवा वाण की शेतकऱ्याचा वाण

आण्णांच्या मुलाला बापाचं वाटत सुटणं मान्य नव्हतं. "परदेशी जाती लावणारे झाडामागं रॉयल्टी भरत्यात. आपण एवढी चांगली जात फुकट वाटून बसलो." त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही. बेमोसमी पावसात दोन हंगाम गेलेल्या घरातला तो कर्ता मुलगा आहे. वेलवर्गीय वाणाला नोंदणीनंतर १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळू शकतं (इतर पिकांना १५), आणि त्या काळात व्यापारी उत्पादन-विक्रीचा हक्क पैदासकाराचा, म्हणजे वाण तयार करणाऱ्याचा असतो. तो हक्क आपल्या घरात का नसावा?

अडचण अशी होती की नवा वाण म्हणून नोंदवण्याचं दार कधीच बंद झालं होतं. नव्या वाणाला वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता तर लागतेच, शिवाय नावीन्य लागतं. अर्जाच्या तारखेआधी एक वर्षाहून अधिक काळ तो वाण पैदासकाराच्या संमतीनं देशात विकला गेलेला नसावा. लोक समजतात की ही अट फक्त रोपांची किंवा काड्यांची आहे. कायदा उत्पन्नाचंही नाव घेतो. आण्णा दर हंगामाला याच झाडांच्या पेट्या भरून बाजारात पाठवत होते.

उघडं होतं ते दुसरं दार: शेतकऱ्याचा वाण. शेतकऱ्यांनी आपल्या शेतात पारंपरिकरीत्या पिकवलेला आणि विकसित केलेला वाण, अशी त्याची व्याख्या. तिथं नावीन्याची अट आड येत नाही. अर्ज सोपा आहे, पैदासकार कंपनीला जोडावी लागणारी बरीचशी प्रतिज्ञापत्रं शेतकऱ्याला लागत नाहीत आणि फी माफ आहे. स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समिती किंवा कृषी अधिकाऱ्यांची शिफारस लागते.

एक शब्द मात्र मला टोचत राहिला. 'पारंपरिकरीत्या'. २००९ साली दिसलेल्या ओलांड्याला कुणी पारंपरिक म्हणेल का? समोरचा वकील नेमकं इथं बोट ठेवेल. माझं म्हणणं असं की परंपरा जातीच्या वयात मोजायची नसते. हेरणं, खुंटावर भरणं, नापास झाडं काढणं, काडी वाटणं ही रीत या तालुक्यात पिढ्यांची आहे, आणि ही जात त्या रीतीतूनच आली आहे. अर्जात मी तसंच मांडलं आहे. शिवाय वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्याला हा कायदा सरळ 'पैदासकार' म्हणतो, शेतकऱ्यांच्या गटालासुद्धा.

भौगोलिक मानांकनाचा विषयही निघाला, कारण सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला ते मिळालेलं सगळ्यांना माहीत आहे. पण मानांकन नावाचं आणि प्रदेशाचं असतं, झाडाचं नाही. इथं त्याचा उपयोग नव्हता.

दादाजी खोब्रागडे यांची आठवण मी मुलाला करून दिली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या या छोट्या शेतकऱ्यानं १९८० च्या दशकात 'पटेल ३' भातातून वेगळी लोंबी निवडून एचएमटी तांदूळ दिला. तो देशभर पिकला, ताटात आला. विद्यापीठानं त्यातून शुद्ध केलेला वाण आपल्या नावानं प्रसारित केला, आणि दादाजी २०१८ मध्ये गेले ते उपचाराच्या खर्चाची विवंचना सोसत. त्यांनी वाण निवडला त्या दिवसांत शेतकऱ्याच्या वाणाची नोंद घेणारा कायदाच नव्हता. आता आहे, तर घरात वही असून ती कपाटात ठेवणं मला बरं वाटेना.

दोन नावं

मी सुचवलं ते असं. करारावर सही करू नका. आधी नोंदणीचा अर्ज करा. रोपवाटिकेशी नंतर बोला, ते हक्क विकण्यासाठी नाही तर परवाना देण्यासाठी. लेबल लावून विकलेल्या प्रत्येक रोपामागं ठरावीक रक्कम, लेबलवर वाणाचं नोंदलेलं नाव, आणि परवाना एकट्या त्यांनाच नाही.

रोपवाटिकेची बाजूही ऐकली. मालकानं सांगितलं की खुंट आणणं, शेडनेट, मजूर, मर झालेली रोपं हा सगळा खर्च तो करतो. जात कुणीही फुकट नेणार असेल तर त्यानं पैसे का गुंतवावेत? प्रश्न रास्त आहे. खात्रीचं, एकसारखं रोप शेतकऱ्यालाही हवंच असतं, आणि ते देणाऱ्याला मोबदला मिळाला पाहिजे. पण तो मोबदला रोप तयार करण्याचा आहे. वाणाची मालकी त्यातून येत नाही. एवढा फरक त्यानं मान्य केला तर पुढचं बोलणं शक्य होतं, आणि त्यानं तो निम्मा मान्य केला. रोपामागच्या रकमेला तयार आहे, एकट्याच्या हक्काचा हट्ट अजून सुटलेला नाही. दरम्यान त्यानंच स्वतःच्या नावानं अर्ज केला तर? जाहिरात झाल्यापासून तीन महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतो. पण ती जाहिरात दिल्लीहून निघणाऱ्या नियतकालिकात येते, आणि तासगावच्या बागायतदारानं छाटणीच्या धांदलीत ते चाळावं ही अपेक्षा कायद्यानं करू नये असं मला मनापासून वाटतं.

नावावर एक संध्याकाळ गेली. आण्णांना गावाचं नाव हवं होतं, पण भौगोलिक नाव प्राधिकरणाचा निबंधक नाकारू शकतो. ग्रामदैवताचं म्हणाल तर धार्मिक भावना दुखावण्याचा आक्षेप येऊ शकतो. शेवटी आण्णांनी आईचं नाव काढलं. ती किनार तिच्याच लुगड्याची होती.

खरा पेच त्यानंतर पडला. अर्जदार कोण, या रकान्यात आण्णांनी स्वतःबरोबर मळ्यातल्या शेजाऱ्याचंही नाव घालायला सांगितलं. मुलगा उठून बाहेर गेला. पाच मिनिटांनी आत येऊन म्हणाला, "जात तुमी काढली. त्यानं फक्त लावली."

आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गणेशची काडी आणाय मी बोरगावला गेलो तवा माझ्या खिशात एस्टीच्या भाड्यापुरतं पैसं हुतं. मला कुणी इचारलं न्हाय. आन् दुष्काळात माझी मेली, त्याची जगली. त्यानं न्हाय म्हटलं असतं तर आज तू कशाची रॉयल्टी मागितली असतीस?"

कायद्याला यात अडचण नाही, गटानं अर्ज करता येतो. वकील म्हणून मी धोका सांगितला: दोन नावं म्हणजे पुढं दोन घरांत वाटणी, वारस, भांडणं. म्हणून दोघांत वेगळा करारलेख केला. परवान्यातून येणाऱ्या पैशाचा वाटा आकड्यात लिहिला, आणि कुणाही शेतकऱ्याला काडी देण्यावर कधीही बंधन घालणार नाही हे दोघांच्या वारसांवर बांधून ठेवलं. मुलानं त्यावर साक्षीदार म्हणून सही केली. त्याचं मन पूर्ण वळलंय असं मी म्हणणार नाही.

आता अर्जाबरोबर जोडायची प्रतिज्ञापत्रं गोळा होत आहेत. डेअरीच्या वहीतल्या प्रत्येक नोंदीमागच्या माणसाकडून एक कागद: अमुक साली, अमुक काड्या आण्णांकडून नेल्या, माझ्या रानात माल असाच येतो. काळ्या रानात, मुरमाड रानात, तळ्याच्या पाण्यावर, बोअरच्या पाण्यावर जात सारखीच राहते याचा याहून चांगला पुरावा मला सुचला नाही. रोपवाटिकेनं करारात मागितली होती तीच यादी आम्ही आता पूर्ण करतोय, नाव, गाव आणि क्षेत्रासकट, फक्त साक्षीदारांची म्हणून. एकतीस जणांपैकी तीस सह्या झाल्या. राहिलेला पाहुणा जतचा आहे, आणि ऑक्टोबर छाटणी उरकल्याशिवाय तो बागेतून हलणार नाही.